लेकी बोले, सुने लागे. आणि जिला लागतच नाही ती?

(मालवण तालुक्यातल्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



घरातल्या हिंसेबद्दल आपण बोलतो तेव्हा मारहाण, हुंडा, दारू, उपासमार हे सगळं आपल्या बोलण्यात येतं. आज मला टोमण्याबद्दल बोलायचं आहे. त्यातही ज्या बाईला टोमणा ऐकू येतो पण कळत नाही, तिच्याबद्दल. मी त्यांच्यापैकीच एक आहे. मी स्वमग्न आहे, म्हणजे इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात ते. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण झालं, गावोगाव काम सुरू झालं, तिशी उलटली, तेव्हा कुठे मला हे नाव मिळालं. तोपर्यंत माझ्यासाठी दुसरी नावं होती : शिष्ट, बावळट, तोंडाळ. बावळट आणि तोंडाळ ही दोन्ही विशेषणं एकाच बाईला कशी लागू पडतात, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. तोच आज तुमच्यासमोर मांडते.

आधी 'स्वमग्न' या शब्दाबद्दल. मराठीत तो रुळला आहे, म्हणून मीही वापरते. पण त्यातून असं वाटतं, की ही माणसं स्वतःतच बुडालेली असतात आणि त्यांना दुसऱ्याचं काही पडलेलं नसतं. माझा आणि माझ्यासारख्या अनेकींचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. समोरचीला काय म्हणायचंय याचा विचार आम्ही इतका करतो की संध्याकाळी डोकं ठणकतं. तुम्हाला जे आपसूक कळतं ते आम्हाला हिशेब मांडून काढावं लागतं. फरक एवढाच.

हे निदान बायकांच्या बाबतीत उशिरा का होतं? १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत ज्या ११ मुलांची हकिगत लिहिली त्यांत ८ मुलगे आणि ३ मुली होत्या. पुढे कितीतरी वर्षं हे मुलग्यांचंच दुखणं असं धरून तपासण्या झाल्या. गंमत म्हणजे त्याआधी, १९२५ च्या सुमाराला, मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा नावाच्या बाई डॉक्टरांनी अशा मुलांचं बारकाईने वर्णन करून ठेवलं होतं. ते जगाच्या ध्यानात यायला अनेक दशकं लागली. आपल्याकडे तर मुलगी गप्प बसली, कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही, सांगितलं तेवढंच केलं, तर ती 'गुणाची' ठरते. तिला काही अडचण असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. अडचण बाहेर येते ती लग्नानंतर.

कारण सासरची भाषा वेगळी असते. 'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण आपण कितीदा वापरतो. पण तिच्यात सत्तेची केवढी व्यवस्था दडली आहे बघा. बोलायचं एकीला, लागायचं दुसरीला. आणि जिला लागलं तिने तक्रार केली तर 'तुला कोण काय बोललं?' म्हणून हात झटकायचे. टोमण्याचं सगळं बळ या हात झटकण्यात आहे. शिवी दिली तर ती दिल्याचं नाकारता येत नाही. टोमण्याचं तसं नसतं. त्याचे शब्द स्वच्छ असतात, घाण असते ती सुरात.

हा सूर ओळखायचा कसा? शाळेत व्याजस्तुती अलंकार शिकवला होता : वरून स्तुती, आतून निंदा. परीक्षेत मला त्यात पूर्ण गुण मिळत, कारण पुस्तकात वाक्याच्या खाली अलंकाराचं नाव छापलेलं असायचं. माजघरात बोललेल्या वाक्याखाली नाव छापलेलं नसतं. तिथे एकाच वेळी चार गोष्टी जोडून बघाव्या लागतात : शब्द काय आहेत, प्रत्यक्षात काय घडलंय, सूर कसा आहे आणि बोलणारीचं आपल्याशी नातं काय आहे. भर दुपारी पोचलेल्या सुनेला "इलंस? बरा लवकर इलंस गो!" म्हटलं, की तुम्हाला या चारही गोष्टी एका क्षणात जुळवून मिळतात. स्वमग्न बाईला आधी शब्द मिळतात आणि ती मनाशी म्हणते, लवकर कुठे, उशीरच झालाय. बाकीचं जुळेस्तोवर सगळ्याजणी हसून मोकळ्या झालेल्या असतात.

१९९४ साली लंडनमध्ये फ्रान्चेस्का हापे या संशोधिकेने यावर काम केलं. थट्टा, थाप, उपरोध असलेल्या छोट्या गोष्टी स्वमग्न माणसांना वाचून दाखवायच्या आणि 'तो असं का बोलला?' हे विचारायचं. काही जणांची उत्तरं बरोबर येत, पण बोलणाऱ्याच्या मनातलं कारण मात्र ते वेगळंच सांगत. म्हणजे अडचण अकलेची नव्हती. बोलणारा खोटं बोलतोय, विसरलाय, थट्टा करतोय की टोचतोय, हे वेगळं काढणं अवघड जात होतं.

त्यात आपला प्रदेश मालवणी बोलणारा. आपली बोली तिरकसच. १९८० साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ही तिरकस बोली मुंबईपासून लंडनपर्यंत नेली, याचा आपल्याला अभिमान आहे. मलाही आहे. पण या बोलीत वाढणाऱ्या स्वमग्न मुलीची दमछाक लक्षात घ्या. बंदरावर भाव पाडून मागितला की मासेवाली म्हणते, "व्हरा, फुकट व्हरा!" आता हे घ्यायचं की नाही? आजी लाडाने जवळ ओढते आणि म्हणते, "शिरा पडो तुझ्या तोंडार!" हे प्रेम की शाप? आमच्याकडे शिवी मायेची असते आणि स्तुती विषारी असू शकते. त्यापुढे देवळातलं गाऱ्हाणं मला फार सोपं वाटतं. जे मागायचं ते सरळ मागायचं आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तिथे कुणाच्या मनात दुसरंच काही नसतं.

आता गंभीर बाजू. सासू विचारते, "तुझ्या म्हायारात मीठ फुकट गावता काय गो?" हा प्रश्न नाही, कालवण खारट झाल्याचा टोमणा आहे, हे तुम्हाला कळलं. स्वमग्न सून त्याला प्रश्नच समजते आणि खरं उत्तर देते : "नाय, इकत घेऊक लागता." झालं! तिने उलट उत्तर दिलं. पहिल्या मिनिटाला ती बावळट होती, दुसऱ्या मिनिटाला तोंडाळ झाली. तिच्या तोंडावर भाव नसतील तर ती 'घुमी'. दोन वर्षांनी 'तुमचं बरोबर आहे' असं मनापासून म्हणाली तरी तो टोमणाच समजला जातो. आम्हाला दुसऱ्याचा उपरोध कळत नाही. आणि आम्ही करत नसलेला उपरोध दुसऱ्यांना ऐकू येतो. मार दोन्हीकडून बसतो. हा 'मार' शब्द मी शब्दशः वापरते आहे. उलट उत्तर हे कितीतरी घरांत हात उचलायचं कारण ठरतं.

ही बाई आपल्या केंद्रात आली तर काय होतं? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक व भावनिक छळाची व्याख्या आहे आणि तिच्यात अपमान, उपहास, मानहानी, नावं ठेवणं हे स्पष्ट लिहिलंय. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून केलेला उपहास तर वेगळा नमूद केलाय. म्हणजे टोमणा कायद्याच्या कक्षेत आहे. १९८३ साली आलेलं ४९८-अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ कलमांत गेलं आहे. तिथेही क्रूरतेच्या व्याख्येत मानसिक आरोग्याला पोचणारी गंभीर इजा धरली आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ज्या २१ प्रकारांना मान्यता देतो त्यांत स्वमग्नता आहे. त्याच्या कलम ९२ मध्ये अपंग व्यक्तीचा मुद्दाम पाणउतारा करण्याला शिक्षा आहे, पण तो लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो. चार भिंतींआडच्या टोमण्याला ते कलम पुरत नाही. तिथे २००५ चा कायदाच कामी येतो.

पण हा कायदा चालतो कागदावर. आणि स्वमग्न बाई घडलेलं शब्दशः सांगते : "सासू म्हणाली, तू आमच्या घरची लक्ष्मी." हे आपण तसंच लिहून घेतलं तर कागदावर सासूने सुनेचं कौतुक केलेलं दिसेल! हे वाक्य ती रिकाम्या हाताने माहेराहून परतली त्या दिवसाचं आहे, चार पाहुण्यांसमोरचं आहे आणि सगळे हसले, हे कुणी विचारलंच नाही तर कागदावर येणार कसं? वर ती रडत नाही, आपल्याकडे बघत नाही, तारखा मात्र धडाधड सांगते. मग आपल्यातलीच एखादी म्हणते, हिची हकिगत पाठ केल्यासारखी वाटते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. असा जबाब घेताना पाच गोष्टी विचारा. शब्द नेमके काय होते? त्याआधी काय घडलं होतं? तिथे कोण कोण होतं आणि ते हसले का? नंतर काय घडलं? असं किती वेळा झालं? एवढं लिहिलं की टोमण्याचा सूर कागदावर उमटतो. 'तुला कसं वाटलं?' हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याचं उत्तर यायला दोन दिवस लागू शकतात. आणि रडणं हा पुरावा मानू नका, न रडणं तर त्याहून नाही.

मी स्वतः हे कसं शिकले, असं मला विचारतात. वही करून शिकले. स्तुती कामाच्या मानाने फार मोठी असेल तर शंका घ्यायची. ज्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे असा प्रश्न आला तर तो प्रश्न नव्हे. 'बरा' हा शब्द लांबवला, माझंच वाक्य माझ्याच सुरात परत आलं, बोलणारीने बोलून झाल्यावर तिसरीकडे बघितलं, की सावध व्हायचं. या खुणा उपयोगी पडतात. पण त्यांची किंमत मोजावी लागते. एकदा हे शिकलं की खरं कौतुकही तपासून घ्यावंसं वाटतं. बहीण म्हणते 'साडी छान दिसते', आणि मन हिशेब मांडायला बसतं. आम्हाला शिकवायला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

शिवाय शिकायचं सगळं आम्हीच का? स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं, की न कळणं दुहेरी असतं. आम्हाला तुमचं कळत नाही, तसंच तुम्हालाही आमचं कळत नाही. दोष मात्र एकाच बाजूला लावला जातो. चळवळीतल्या बायकांना हे नवीन वाटू नये. नवऱ्याचा मूड ओळखायची जबाबदारी बायकोची, हे आपण नाकारलं ते याच तर्काने.

मी उपरोधाच्या विरुद्ध नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं, ते उपरोधाने ठासून भरलेलं आहे. पण त्यांचा उपरोध वर जाणारा होता. ज्यांच्या हाती धर्म, कायदा आणि छापखाने होते त्यांना, स्वतःच्या नावाने, छापून विचारलेला. घरातला टोमणा खाली जातो आणि 'मी कुठं काय म्हटलं?' म्हणत लपतो. दोन्हींत फरक करायला आपण शिकलं पाहिजे.

आमच्या शब्दशः ऐकण्यातही एक ताकद आहे. टोमण्यावर शांतपणे "म्हणजे काय?" असं विचारलं की बोलणारीची पंचाईत होते. अर्थ उघड सांगावा तर ती वाईट ठरते, न सांगावा तर टोमणा फुकट जातो. पण हे हत्यार एकट्या पडलेल्या सुनेच्या हाती देऊ नका. जिथे हात उचलला जातो तिथे हा प्रश्न महागात पडेल. तो आधी आपण विचारायचा. शेजारणीने, नणंदेने, गटातल्या बाईने. सगळ्या हसतात तेव्हा एकीने न हसता "काकी, म्हणजे काय?" एवढं विचारलं, तरी त्या सुनेला कळतं की इथे काहीतरी चुकीचं घडलंय आणि ते आपल्या डोक्यात नाही.

आणि आपल्या बैठकांपुरता एक साधा नियम करूया. इथे कुणीही कुणालाही "सरळ बोलतंस की टोमणो मारतंस?" असं विचारू शकेल. विचारणारीला हसायचं नाही आणि उत्तर खरं द्यायचं. हा नियम केवळ माझ्यासारखीच्या सोयीचा नाही. टोमणा कळूनही गप्प राहायला शिकलेल्या कितीतरीजणी या खोलीत बसल्या आहेत. तो त्यांच्याही उपयोगाचा आहे.

एवढं बोलून थांबते. कुणाला काही विचारायचं असेल तर सरळ विचारा.