नगराध्यक्षांना लिहिलेले पत्र



संगणकाच्या पडद्यावर उभ्या केलेल्या जगात विद्यार्थ्याला शिकविता येते, हे आता फारसे कोणी नाकारीत नाही. परंतु तेथे तो काय शिकला, हे ठरवावयाचे कसे? या प्रश्नासाठी मी एकच उदाहरण घेतो.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात क्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात शालेय मुलांसाठी ‘रिव्हर सिटी’ नावाचे एक नगर रचले. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. नगरात लोक आजारी पडत आहेत. का, ते कोणास ठाऊक नाही. मुले लहान लहान गटांनी, पडद्यावरील आपापल्या प्रतिरूपांनिशी, तेथे हिंडतात. रहिवाशांशी बोलतात, रुग्णालयातील नोंदी चाळतात, पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, डास मोजतात. ऋतू पालटला की पुन्हा येऊन पाहतात. रोग एक नसून तीन आहेत. एक पाण्यातून पसरतो, दुसरा कीटकांमुळे, तिसरा माणसाकडून माणसाला होतो. आणि त्यांची लक्षणे एकमेकांत मिसळलेली असतात. अखेरीस नगराध्यक्षांना पत्र लिहावयाचे: रोगाचे कारण काय, आणि ते आपण कशावरून म्हणतो.

अशा जगाला आपण ‘आभासी’ म्हणतो. अनुवादक म्हणून मला हा शब्द नेहमीच थोडा खटकतो. तेथील ताप खोटा असेल, मुलाने केलेला तर्क खोटा नसतो.

पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या चाचणीत मागे पडलेल्या काही मुलांच्या पत्रांत शास्त्रीय शोधाची चांगली जाण संशोधकांना दिसून आली. चाचणीच्या गुणांवरच निकाल लावला असता, तर ही मुले ‘कच्ची’ ठरली असती.

संगणक मुलाचे प्रत्येक पाऊल टिपून ठेवतो, म्हणून त्या नोंदींवरूनच गुण द्यावेत, असा मोह होतो. मला तो धोक्याचा वाटतो. मुलगा नदीकाठी तीनदा गेला, एवढेच नोंद सांगते. संशय आला म्हणून गेला की वाट चुकून, हे ती सांगत नाही. शिवाय ज्याच्या घरी संगणक आहे त्याची बोटे अधिक चपळ चालणार, आणि त्याचे श्रेय बुद्धीच्या खात्यावर जमा होणार! पत्रे वाचावयास वेळ लागतो, हे खरे. तरीही शिक्षकाने नोंद पत्राशेजारी ठेवावी आणि मुलाला जवळ बसवून विचारावे, “हिवाळ्यातले डास तू मोजलेस, मग पत्रात त्यांचा उल्लेख का नाही केलास?”