व्याधाचा सोबती



कुराण शरीफच्या सूरह नज्ममध्ये उल्लेखिलेला ‘शिअरा’ म्हणजेच आपला व्याध तारा. १८४४ साली बेसेल यांनी त्याची डुलती चाल पाहून त्याला अदृश्य सोबती असल्याचे अनुमान काढले. १८६२ साली क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला; तोवर बेसेल हयात नव्हते.

दोघांच्या सुमारे ५० वर्षांच्या प्रदक्षिणेवरून त्याचे वस्तुमान निघाले : जवळजवळ सूर्याइतके. १९१५ साली ॲडम्स यांनी वर्णपट तपासला. तारा अतितप्त, तरीही मंद. म्हणजे पृष्ठभाग लहानच असणार. आजच्या मोजणीनुसार तो पृथ्वीहूनही किंचित लहान आहे!

बेसेल यांची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करीत ते गणित शिकले. आपल्या मोहल्ल्यात शाळा सुटलेली मुले-मुली आहेत. त्यांची पुस्तके सुटू देऊ नका.