प्रवरेकाठची अभ्यास सहल



आपण शिवारफेरीला जातो, कृषी प्रदर्शने पाहतो, नवे वाण घेऊन घरी येतो. हे चांगलेच आहे. परंतु आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठाने शेतीचा हजारो वर्षांचा इतिहास पसरलेला आहे. तो पाहण्यासाठी रब्बीची पेरणी उरकल्यावर तीन दिवसांची एक सहल आखावी. गट दहा-बारा जणांचाच असावा. पन्नास जण गेले तर पुढचे ऐकतात आणि मागचे चहाची टपरी शोधतात.

सुरुवात अकोले तालुक्यातून करावी. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरावरील दगडी कोरीवकाम पाहावे. जवळच 1926 साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण आहे. याच तालुक्यातील कोंभाळणे येथे पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आहे. या भागात जेवताना नागलीची भाकरी मागून घ्यावी.

पुढे संगमनेरजवळ जोर्वे लागते. येथे 1950-51 मध्ये उत्खनन झाले. तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढणाऱ्या त्या जुन्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला या गावाचेच नाव मिळाले. वाटेत प्रवरानगरचा 1950 मध्ये सुरू झालेला सहकारी साखर कारखाना पाहावा. नंतर श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद. येथे 1974 मध्ये एका गावकऱ्याला खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ.

शेवट नेवाशात करावा. ज्ञानेश्वरी येथे 1290 साली सांगितली गेली, हे आपण जाणतोच. पण येथील उत्खननात दोन कानांच्या रोमन कुंभांचे तुकडेही मिळाले. इटलीकडचे मद्य अशा कुंभांतून समुद्रमार्गे येत असे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही आपला मुलूख दूरच्या बाजारपेठेशी जोडलेला होता.

आता मुख्य मुद्दा. आपण शेतजमिनीला काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. जुनी पांढरी म्हणजे पडलेल्या मातीच्या घरांचा, राखेचा, शेणाचा आणि हाडांचा थरावर थर. ही माती खत म्हणून ट्रॉल्या भरभरून शेतात नेली जाते, काही टेकाडे सपाट करून पिकाखाली आणली जातात. परंतु त्या थरांतच जळलेले दाणे असतात. त्यांवरूनच दायमाबादला सातू, मसूर, हुलगा पिकत होता हे कळले. शेजारच्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला तर मातीचा बांध आणि पाण्याचा चर सापडला. पुढे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पाऊस कमी झाला, शेती आटली आणि लोक शेळ्या-मेंढ्यांवर व शिकारीवर अधिक विसंबू लागले, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. दुष्काळी भागातील शेतकऱ्याला यापेक्षा मोलाची नोंद कोणती? थर एकदा कालवला की ती नोंद पुन्हा वाचता येत नाही.

म्हणून सहलीत खापराचा तुकडाही उचलू नये. परतल्यावर आपल्या गावची पांढरी पाहावी. तेथील माती नेणे थांबवावे, आणि नांगराला जुनी वस्तू लागली तर तहसील कार्यालयाला कळवावे. बियाणे जपतो तशीच पांढरीही जपावी, ही विनंती.