झुंजार, धनंजय आणि पुठ्ठ्याची बांधणी

बाबूराव अर्नाळकर हें नांव काढलें कीं साठी ओलांडलेल्या पुष्कळ मराठी गृहस्थांच्या चेहऱ्यावर संकोचाचें हसूं उमटतें. हा संकोच पुस्तक वाचल्याचा नव्हे. तें भूगोलाच्या पुस्तकांत लपवून वाचल्याचा आहे. ज्या लेखकानें एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि ज्याच्या पुस्तकांनीं किमान दोन पिढ्यांना वाचनाची चटक लाविली, त्याला वाङ्मयाच्या चर्चेंत मात्र बहुधा एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळाली नाहीं. अशा लेखकाच्या आरंभींच्या कथा जाड पुठ्ठ्याच्या बांधणींत, एकीमागून एक, निवांतपणें पुन्हां वाचावयास घेतल्या तर हातीं काय लागतें, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं.

चरित्राचा तपशील थोडक्यांत आटोपण्याजोगा आहे. अर्नाळकरांचें खरें नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म ९ जून १९०६, मृत्यु ५ जुलै १९९६. वसईच्या उत्तरेस समुद्रकांठीं अर्नाळा नांवाचें गांव आहे. त्या नांवावरून झालेलें टोपणनांव पुढें इतकें रूढ झालें कीं खरें नांव विचारलें असतां चांगले वाचकहि घुटमळतात. त्यांच्या लेखनाला बहर आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या व त्यानंतरच्या वर्षांत. कागद दुर्मिळ आणि महाग, ग्रंथ विकत घेण्याची ऐपत थोडक्यांची, आणि वाचूं लागलेला वर्ग तर झपाट्यानें वाढणारा. अशा वेळीं पातळ, स्वस्त आणि एका बैठकींत संपणाऱ्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळालें नसतें तरच नवल. पुस्तक संध्याकाळीं घरीं आणावें, रात्रीं संपवावें आणि सकाळीं शेजाऱ्याकडे जावें, असा त्याचा प्रवास असे. जपून ठेवण्याची वस्तु म्हणून त्याकडे कोणीं पाहिलेंच नाहीं.

मग पुठ्ठ्याची बांधणी आली कोठून? ती दोन वाटांनीं आली. एक वाट संपादकाची. सतीश भावसर यांनीं निवड करून ‘निवडक बाबूराव अर्नाळकर’ ह्या नांवानें ह्या कथा नव्या वाचकांपुढें आणल्या, आणि एके काळीं रद्दीच्या भावानें गेलेला मजकूर ग्रंथालयांत मानानें बसण्याच्या योग्यतेचा झाला. दुसरी वाट फार जुनी, आणि ती बांधणाऱ्याच्या दुकानावरून जाते. भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या वाचनालयांना पातळ पुस्तक परवडत नसे. दहा हातांतून गेलें कीं त्याचे कान दुमडत, पाठ सुटे. म्हणून चारपांच पुस्तकें एकत्र शिवून, वर पुठ्ठा आणि पाठीला कापड लावून, त्यांचा एक खंड करीत. आज जुन्या घरांतून जे ‘समग्र’ म्हणून दाखविले जातात ते खंड बहुधा ह्याच जातीचे. त्यांतील कथांचा क्रम ठरविणारा संपादक म्हणजे बांधणारा, आणि त्याचा निकष एकच: पानांचा आकार सारखा असावा.

नागपूरच्या वायव्येस, छिंदवाड्याच्या रस्त्यावर, कोलार नदीच्या कांठीं सावनेर हें गांव आहे. भोंवतीं कापूस आणि संत्रीं पिकवणारा मुलूख. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत ह्या गांवाचें नांव एका मृत्यूमुळें लिहिलें गेलें. २३ जानेवारी १९१९ रोजीं राम गणेश गडकरी येथें वारले. त्यांचें वय त्या वेळीं अवघें ३३ वर्षांचें होतें. ‘राजसंन्यास’ अपुरें राहिलें. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेलें त्यांना पाहावयास मिळालें नाहीं. सावनेरांतल्या एखाद्या वाचनप्रिय घरांतलें कपाट डोळ्यांपुढें आणावें. वरच्या खणांत गडकऱ्यांचीं नाटकें आणि ‘संपूर्ण बाळकराम’. तें पुस्तक पाहुण्यांना दाखविण्यासारखें. सर्वांत खालच्या खणांत, बहुधा आजोबांच्या चष्म्याच्या घरामागें, अर्नाळकरांचे दोनचार बांधीव खंड. एक लेखक तेहतिसाव्या वर्षीं गेला आणि त्याच्या प्रत्येक चिठोऱ्याची आस्थेनें वास्तपुस्त झाली. दुसरा नव्वद वर्षें जगला, हजारांवर पुस्तकें लिहिलीं, आणि त्यांतलीं किती आज सांपडतील ह्याची खात्री कोणालाच देतां येत नाहीं. घर मोडावयाचें ठरलें, मुलें नागपूर-पुण्यास गेलीं, कपाट रिकामें करावयाची वेळ आली, कीं वरच्या खणाविषयीं चर्चा होत नाहीं. चर्चा होते ती खालच्या खणाविषयीं. आणि रद्दीवाला दाराशींच उभा असतो.

तेव्हां हे खंड उघडून पाहावे हें बरें.

सलग वाचनाची पहिली गोष्ट लेखकाला गैरसोयीची आहे. महिन्या-पंधरवड्याच्या अंतरानें वाचलेल्या कथांत जी पुनरावृत्ति खपून जात असे, ती एका खंडांत खपत नाहीं. अंधारांत अचानक पेटणारी विजेरी, वेषांतर केलेला भिकारी, ऐन वेळीं खणखणणारा टेलिफोन, हातपाय बांधून टाकलेली तरुणी, आणि ‘हात वर’ ही आज्ञा, ह्यांची गांठ इतक्या वेळां पडते कीं तिसऱ्या कथेपासून वाचक लेखकाच्या एक पाऊल पुढें चालूं लागतो. कांहीं ठिकाणीं रहस्याचा उलगडा घाईनें उरकलेला दिसतो. पानें संपत आलीं म्हणून गुन्हेगारानें कबुली द्यावी, असा प्रकार. झपाट्यानें लिहिणाऱ्याचा हा दोष झांकण्यांत अर्थ नाहीं.

परंतु दुसरी गोष्ट लगेच ध्यानांत येते. यंत्र ओळखीचें झालें तरी वाचन थांबत नाहीं. ह्याचें श्रेय भाषेला आहे. वाक्य आंखूड, क्रियापद ठाम, वर्णन कामापुरतें. खून आहेत, पण रक्ताचा चिखल नाहीं. संकटांत सांपडलेल्या स्त्रिया आहेत, पण लेखकाची नजर कोठेंहि ओशाळवाणी होत नाहीं. ज्या घरांत हीं पुस्तकें मुलांना बंद होतीं, त्याच घरांत तीं वडील माणसें वाचीत, ह्याचें कारण हेंच. बंदी होती ती अभ्यास बुडतो म्हणून. पुस्तक वाईट आहे असें सहसा कोणी मनापासून म्हणत नसे.

नायकांकडे पाहिलें म्हणजे ह्या कथांचें खरें वैशिष्ट्य दिसतें. धनंजय आणि त्याचा सहायक छोटू ही जोडी ओळखावयास कठीण नाहीं. कॉनन डॉइल यांनीं १८८७ सालीं शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची जी जोडी निर्माण केली, तिची सावली जगांतल्या बहुतेक गुप्तहेरांवर पडली आहे. झुंजाराचें कूळ निराळें. कायद्याच्या बाहेर उभा राहून न्याय करणारा, पोलिसांना चकविणारा आणि तरीहि सभ्य असा हा पुरुष फ्रान्समध्यें मोरिस लब्लां यांच्या लेखणींतून १९०५ सालीं आर्सेन ल्यूपँ म्हणून अवतरला. इंग्रजींत लेस्ली चार्टरिस यांनीं १९२८ सालीं ‘सेंट’ म्हणून त्यालाच नवा पोशाख चढविला. काळा पहाड हा ह्याच भावकीतला. दुर्बळांचा कैवार घेणारा आणि माजलेल्या धनवंतांची झोंप उडविणारा. उसनवारी उघड आहे, आणि ती लपविण्याचें कारण नाहीं. खुद्द हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ रेनॉल्ड्सच्या लंडनविषयक कादंबरीच्या आधारानें १८८५ सालीं उभी राहिली होती. मराठी कादंबरीनें परक्याच्या अंगणांत चालावयास शिकणें ही कांहीं अर्नाळकरांपासून सुरू झालेली रीत नव्हे.

पाहावयाचें तें हें कीं उसन्या मालाचें घरीं आल्यावर काय झालें. परदेशांतले हे साहसी वीर बहुधा अविवाहित, फार तर एखादी मैत्रीण बाळगणारे. झुंजार मात्र विवाहित आहे. विजया ही त्याची पत्नी. आणि ती घरीं वाट पाहत बसणारी नाहीं, साहसांत वाटेकरी आहे. गिरगांव-दादरच्या चाळींतल्या, किंवा सावनेर-काटोलच्या वाड्यांतल्या वाचकाला कायदा मोडणारा नायक चालला, पण तो संसारी असावा लागला! ह्या एका फेरफारांत मराठी मध्यम वर्गाचा स्वभाव जितका उतरला आहे तितका तो त्या काळच्या कित्येक गंभीर कादंबऱ्यांत उतरलेला नाहीं. नवराबायको मिळून चोराच्या मागावर निघतात, ही कल्पना त्या वाचकांतल्या स्त्रियांना कशी वाटली असेल ह्याचा विचार टीकाकारांनीं केला असता तर बरें झालें असतें.

आणखी एक गोष्ट काळाशीं निगडित आहे. १९४७ पूर्वींचा पोलिस हा परक्या सरकारचा पोलिस होता. त्याला हातोहात फसविणारा नायक वाचकाला आवडावा ह्यांत गूढ कांहीं नाहीं. १९४२ च्या भूमिगतांच्या हकीगती ज्या घरांत कुजबुजत सांगितल्या जात, त्याच घरांत झुंजार वाचला जाई. स्वातंत्र्यानंतर कायदा आपला झाला, आणि कायद्याबाहेरच्या नायकाची जागा थोडी अवघड झाली. तरीहि वाचकांनीं त्याला सोडलें नाहीं. कदाचित् आपल्या कायद्याचाहि न्याय सर्वांच्या दारापर्यंत पोंचत नाहीं, हें त्यांना लवकरच दिसलें असावें.

अशा पुस्तकांना पुठ्ठा चढवावा कीं नाहीं, हा वाद इतरत्रहि झाला आहे आणि त्याचा निकाल निरनिराळ्या रीतींनीं लागला आहे. इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन आपल्या थरारकथांना अनेक वर्षें ‘मनोरंजन’ असें वेगळें नांव देत असे, जणूं खऱ्या कादंबऱ्यांच्या पंक्तीला त्यांचें पान नसावें. १९७० पासून त्याच्या समग्र ग्रंथांची आवृत्ति निघूं लागली. पुढें तो भेद त्यानें स्वतःच सोडून दिला, आणि १९३२ ची ‘स्टँबूल ट्रेन’ इतर कादंबऱ्यांच्या शेजारीं बसली. मात्र १९३० आणि १९३१ सालच्या आपल्या दोन कादंबऱ्या त्यानें पुन्हां छापूं दिल्या नाहींत. गंमत अशी कीं काढून टाकलेल्या त्या दोन पुस्तकांत वाङ्मयीन होण्याची धडपड होती; टिकली ती आगगाडींतली थरारकथा. अमेरिकेंत रेमंड चँडलर १९९५ सालीं ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ ह्या अभिजात ग्रंथमालेंत दाखल झाला. फ्रान्समध्यें ‘प्लेयाद’ ह्या मानाच्या मालेंत २००३ सालीं सिमेनॉनला स्थान मिळालें. बंगाल्यांनीं तर शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश, जो १९३२ सालीं प्रथम अवतरला, तो भक्कम बांधणींच्या खंडांत घालून घरोघरच्या दर्शनी कपाटांत ठेवला, आणि त्यांत कोणाला लाज वाटली नाहीं.

अर्नाळकरांच्या बाबतींत ग्रीनसारखी निवड लेखकाकडून होण्याचा प्रश्न आतां उरला नाहीं. ती निवड काळ करीत आहे, आणि तो गुणावरून करीत नाहीं. स्वस्त कागद लांकडाच्या लगद्याचा. त्यांतलें आम्ल कागदाला आंतून खातें, कडा आधीं पिवळ्या, मग तपकिरी होतात, आणि एक दिवस पान उलटतांना कोपरा हातांत येतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यांत हा कागद कुरकुरीत होतो, मुंबईच्या दमट हवेंत त्याला बुरशी धरते. म्हणून एखादी उत्तम कथा नाहींशी होते आणि एखादी सामान्य कथा केवळ कोरड्या माळ्यावर पडली म्हणून शिल्लक राहते.

ह्यांत बांधणाऱ्याचा हातहि आहे, आणि तो मोठा विचित्र आहे. त्यानें हीं पुस्तकें वांचविलीं, त्याखेरीज आज तीं दिसलीच नसतीं. पण खंड जाड होऊं नये म्हणून त्यानें रंगीत मुखपृष्ठें फाडून टाकलीं, आणि त्यांबरोबर प्रकाशनाचें साल, किंमत, प्रकाशकाचा पत्ता हें सर्व गेलें. कडा सारख्या करण्यासाठीं चाकू फिरविला तेव्हां कांहीं पानांवरच्या शेवटच्या ओळी अर्ध्या झाल्या. पाठीकडून आडवी शिलाई घातल्यामुळें आंतल्या बाजूचीं अक्षरें शिवणींत दडलीं. तीं वाचावयाचीं तर खंड इतका उघडावा लागतो कीं पाठ तडकते. त्यामुळें कोणती कथा आधींची, कोणती नंतरची, झुंजार पहिल्यानें कोणत्या पुस्तकांत आला आणि त्याचा स्वभाव कसा पालटत गेला, हें ठरवूं पाहणाऱ्या अभ्यासकाला पुस्तक मिळूनहि साल मिळत नाहीं.

ज्यांच्या घरीं असे खंड असतील त्यांनीं ते पुन्हां बांधावयास देण्यापूर्वीं आंत एकदां चाळून पाहावे. पुष्कळदां एखादें मुखपृष्ठ, बांधणाऱ्याच्या नजरेंतून सुटलेलें, दोन कथांच्या मध्यें तसेंच राहिलेलें असतें. तें काढून टाकूं नये, आणि कडा नव्यानें कापूं देऊं नयेत. कथांचीं नांवें, पानांचे आंकडे आणि साल दिसत असल्यास तें एका कागदावर उतरून खंडाच्या आरंभीं ठेवावें, आणि त्याची एक नक्कल जवळच्या ग्रंथालयांत द्यावी. ‘चौकटची राणी’ हें नांव पुष्कळांना अजून आठवतें. तिची मुखपृष्ठासकट प्रत कोणाच्या माळ्यावर आहे, हें मात्र माळा उतरल्याशिवाय कळावयाचें नाहीं.