कुटुंबोपचाराचे शिक्षण : पदवी, तास आणि क्षमता



कोणत्याही विद्येचे मोल, ती विद्या संपादन केलेल्या माणसाच्या हातून काय घडते यावरून ठरत असते. सुताराने केलेली चौकट भिंतीत नीट बसली की नाही, हे घरधन्याला पाहताक्षणी कळते. शिक्षकाने शिकविलेला भागाकार मुलाला आला की नाही, हे पाटीवर दिसते. परंतु पतिपत्नींमधील बेबनाव, आईवडील व मुले यांच्यातील दुरावा, एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांतील अबोला दूर करण्याची विद्या ज्याने घेतली, त्याला ती खरोखर आली आहे की नाही, हे कसे ठरवावे? त्याच्या हातातील पदवी एवढेच सांगते की, त्याने अमुक वर्षे अमुक विषयांचा अभ्यास केला व परीक्षा दिली. रडत समोर बसलेली पत्नी आणि तोंड फिरवून बसलेला पती या दोघांशी एकाच वेळी बोलणे त्याला साधते काय, याचे उत्तर पदवीपत्रावर लिहिलेले नसते.

या प्रश्नाचा पाठपुरावा अमेरिकेत अनेक दशके चिकाटीने झाला आहे. त्या देशात विवाह व कुटुंबोपचार हा स्वतंत्र, कायद्याने मान्य झालेला व्यवसाय आहे. विवाह समुपदेशकांची तेथील राष्ट्रीय संघटना १९४२ साली स्थापन झाली. १९६३ साली कॅलिफोर्निया राज्याने या व्यवसायासाठी परवाना आवश्यक करणारा कायदा प्रथम केला, आणि २००९ पर्यंत पन्नासही राज्यांत अशी तरतूद झाली. परवाना हवा असलेल्या उमेदवाराला प्रथम पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते, नंतर अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली ठरावीक काळ काम करावे लागते आणि परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. एवढी व्यवस्था उभी राहिल्यावरही तेथील शिक्षकांना एक प्रश्न सतावीत राहिला. या शिक्षणाची फलनिष्पत्ती कोणती?

आरशामागील शिक्षक

प्रारंभीच्या काळात मानसोपचाराचे शिक्षण प्रायः बंद दाराआड होत असे. विद्यार्थी रुग्णाला एकटा भेटे आणि नंतर आठवेल तसे शिक्षकाला सांगे. शिक्षकाला दिसत असे तो विद्यार्थ्याने सांगितलेला वृत्तान्त. प्रत्यक्ष काम त्याच्या दृष्टीस पडत नसे. कुटुंबोपचाराच्या पुरस्कर्त्यांनी ही प्रथा मोडली. एका बाजूनेच आरपार दिसणारा आरसा भिंतीत बसवून शिक्षक व इतर विद्यार्थी पलीकडच्या खोलीतून संपूर्ण भेट पाहू लागले. विद्यार्थी चुकत आहे असे दिसल्यास दूरध्वनीवरून त्याला तेथल्या तेथे सूचना देता येऊ लागली. अर्थात कुटुंबाला याची पूर्वकल्पना देणे व त्याची संमती घेणे हा या पद्धतीचा पाया आहे.

साल्व्हादोर मिनुशिन यांनी १९६५ पासून फिलाडेल्फिया शहरातील बालमार्गदर्शन केंद्राचे नेतृत्व केले. तेथे १९६९ साली त्यांनी व जे हेली यांनी सहकाऱ्यांसह एक धाडसी उपक्रम हाती घेतला. शहरातील गरीब वस्त्यांमधील, प्रामुख्याने कृष्णवर्णीय समाजातील व उच्च शिक्षण न घेतलेल्या स्त्रीपुरुषांना त्यांनी कुटुंबोपचाराचे सघन प्रशिक्षण दिले. या लोकांजवळ ग्रंथांचे ज्ञान नव्हते. परंतु ज्या कुटुंबांसाठी काम करावयाचे त्यांची भाषा, त्यांचे दारिद्र्य आणि त्यांचा स्वाभिमान त्यांना ठाऊक होता. शिक्षक आरशामागे उभे राहून त्यांचे काम पाहत आणि त्यातूनच त्यांना शिकवीत. पदवी हे ज्ञानाचे एक प्रमाण असले तरी कौशल्याचे ते एकमेव प्रमाण नव्हे, ही गोष्ट या उपक्रमाने ठळकपणे पुढे आणली.

तासांकडून क्षमतांकडे

१९७३ साली क्लेघॉर्न व लेव्हिन या दोन अभ्यासकांनी कुटुंबोपचाराच्या शिक्षणाची उद्दिष्टे निश्चित करण्याचा प्रयत्न केला. त्यांनी तीन प्रकारची कौशल्ये वेगळी काढली. पहिले निरीक्षणाचे : पती बोलू लागताच मुलगी आईकडे पाहते, हे उपचारकाच्या ध्यानात आले पाहिजे. दुसरे आकलनाचे : त्या पाहण्याचा अर्थ काय, घरातील सत्ता व भीती यांची वाटणी कशी झाली आहे, हे त्याला उमगले पाहिजे. तिसरे कृतीचे : हे उमगल्यावर नेमके काय बोलावे, कोणाला बोलते करावे आणि कोणाला क्षणभर थांबवावे, हे त्याला जमले पाहिजे. अनेक विद्यार्थी पहिल्या दोन पायऱ्या चढतात आणि तिसरीवर अडखळतात. लेखी परीक्षेत मात्र ते अडखळणे दिसत नाही.

तरीही पुढे दीर्घकाळ अभ्यासक्रमांची पारख मुख्यत्वे तासांवरून होत राहिली. विद्यार्थ्याने ५०० तास प्रत्यक्ष उपचारकार्य करावे, त्यांपैकी २५० तास जोडप्यांसमवेत किंवा कुटुंबांसमवेत असावेत, आणि १०० तासांचे पर्यवेक्षण त्याला मिळावे, असा दंडक होता. हा दंडक निरर्थक नव्हता. पाण्यात न उतरता कोणी पोहायला शिकत नाही. परंतु पाण्यात किती तास काढले यावरून पोहता येते असे सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून २००४ साली राष्ट्रीय संघटनेने या व्यवसायाच्या मूलभूत क्षमतांची सूची तयार केली. तीत १२८ क्षमता असून त्यांची विभागणी सहा क्षेत्रांत केलेली आहे. कुटुंबाला उपचारासाठी दाखल करून घेणे, त्याच्या स्थितीचे मूल्यमापन व निदान, उपचाराची आखणी, प्रत्यक्ष उपचार, कायदा व व्यावसायिक नीती, आणि संशोधन व कार्याचे मूल्यमापन, ही ती क्षेत्रे होत. पाठोपाठ २००५ साली अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या आयोगाने आपली मानके फलनिष्पत्तीच्या तत्त्वावर उभी केली. आपण काय शिकविले याबरोबरच आपले विद्यार्थी काय करू शकतात, हे आता विद्यापीठांना पुराव्यानिशी दाखवावे लागते. किती विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, किती परवाना परीक्षेत उत्तीर्ण झाले, कितींना या क्षेत्रात काम मिळाले, ही माहिती जाहीर करावी लागते.

आपल्या प्राथमिक शिक्षकांना हा बदल अपरिचित वाटू नये. किमान अध्ययन क्षमता आणि अलीकडे अध्ययन निष्पत्ती हे शब्द त्यांच्या दैनंदिन व्यवहारातले आहेत. पाठ शिकवून झाला म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे, हाच त्या शब्दांचा आशय आहे.

मोजमापाच्या मर्यादा

मात्र क्षमतांची सूची केल्याने प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परीक्षेतील यश हे फळ खरे, पण ते विद्यार्थ्याचे. कुटुंबाचे दुःख हलके झाले की नाही, हे अखेरचे फळ. पहिले मोजणे सोपे, दुसरे अवघड. आणि जे मोजणे सोपे त्याचीच मोजदाद होत राहते, हा सर्व व्यवस्थांचा स्वभाव आहे.

या संदर्भात दोन अभ्यास उद्बोधक आहेत. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मानसोपचार करणाऱ्या १७० उपचारकांची व त्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांची अनेक वर्षांची माहिती तपासण्यात आली. अनुभव वाढत गेला तसे उपचारांचे यश वाढत गेले असावे, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात सरासरी यश वाढले नाही. उलट ते किंचित घटल्याचे आढळले. काही उपचारक सुधारत गेले, हे खरे. परंतु केवळ वर्षे सरल्याने कौशल्य वाढत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरा अभ्यास नॉर्वेमधील असून तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २०५ जोडप्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील जोडप्यांकडून प्रत्येक भेटीच्या वेळी दोन छोट्या प्रश्नावल्या भरून घेतल्या : आपले कसे चालले आहे, आणि आजची भेट आपणांस कशी वाटली. ती उत्तरे उपचारकाला लगेच पाहता येत. दुसऱ्या गटात उपचारकांना अशी उत्तरे मिळत नव्हती. पहिल्या गटात पतिपत्नी दोघांमध्येही लक्षणीय सुधारणा झालेल्या जोडप्यांचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळजवळ चौपट भरले. उपचारक तेच होते, त्यांचे शिक्षणही तेच होते. फरक एवढाच की, ज्यांच्यासाठी काम चालले होते त्यांना त्या कामाविषयी नियमितपणे विचारले गेले.

समेट आणि सुरक्षितता

अमेरिकेतील त्या सूचीतील एका क्षमतेकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. घरात मारहाण, व्यसन, मुलांचा किंवा वृद्धांचा छळ, आत्महत्येचा धोका आहे काय, हे चाचपून पाहणे व त्याप्रमाणे सुरक्षिततेची योजना आखणे उपचारकाला आले पाहिजे, असे ती सांगते. ही क्षमता नसलेला सद्हेतूचा माणूसही घात करू शकतो. जिला मार बसतो तिला मारणाऱ्याच्या शेजारी बसवून "आता मनातले सांग" असे म्हटले, तर ती एक तर गप्प राहील किंवा खरे बोलल्याची किंमत घरी जाऊन मोजील. कागदोपत्री मात्र समेट झाल्याची नोंद होईल.

येथे हा विषय आपल्या राज्याला येऊन भिडतो. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था १९३६ साली मुंबईत स्थापन झाली व पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ती ओळखली जाऊ लागली. याच संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्याच वर्षी कुटुंब न्यायालयांचा कायदा संमत झाला. शक्य असेल तेथे तडजोडीचा प्रयत्न करावा असे तो कायदा सांगतो आणि त्यासाठी समुपदेशकांची तरतूद करतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५ साली आला. त्याखालील २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे समर्थन करता येत नाही, आणि हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळविणे हा त्या समुपदेशनाचा रोख असावा लागतो. "तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला" हे वाक्य तेथे बचाव ठरत नाही. नियम स्पष्ट आहे. तो पाळता येणे ही मात्र शिकून घ्यावयाची क्षमता आहे.

शहरातील न्यायालयात प्रशिक्षित समुपदेशक असतो. गावात तंटा प्रथम पोहोचतो तो सरपंचाकडे, शिक्षकाकडे, अंगणवाडी सेविकेकडे. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगावच्या समित्यांपुढे घरगुती भांडणेही आली. अशा मध्यस्थांना पदव्युत्तर शिक्षण देणे शक्य नाही व त्याची गरजही नाही. परंतु काही किमान क्षमता त्यांच्या ठायी असाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे. स्त्रीचे म्हणणे प्रथम एकांतात ऐकावे. मारहाणीची शंका येताच समेटाची घाई न करता संरक्षण अधिकाऱ्याकडे वा पोलिसांकडे वाट दाखवावी. ऐकलेली गोष्ट चावडीवर नेऊ नये. आणि आपल्या आवाक्याबाहेरचे प्रकरण कोणते, हे वेळीच ओळखावे.

अधिकाऱ्यांनीही प्रशिक्षण वर्गांचे अहवाल याच कसोटीवर वाचावेत. वर्ग किती झाले आणि उपस्थिती किती होती, या रकान्यांपुढे आणखी दोन रकाने असावेत : वर्गानंतर प्रशिक्षणार्थीला काय करता येऊ लागले, आणि सहा महिन्यांनी त्या घरांतील माणसे काय सांगतात. मिटलेल्या तंट्यांची संख्या मोजणे सोपे आहे. तंटा मिटला की तक्रार करणाऱ्या व्यक्तीचे तोंड मिटले, हे पाहण्यासाठी मात्र पुन्हा त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत जावे लागते. तेवढे चालण्याची तयारी ठेवणाऱ्या व्यवस्थेलाच आपण दिलेल्या शिक्षणाचे फळ खऱ्या अर्थाने कळू शकेल.