नारा : महाबुद्धाचे नगर



बौद्ध राष्ट्रांची नावे घेताना आपण श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड, जपान अशी माळ मोठ्या अभिमानाने ओवतो. ज्यांनी नुकताच धम्म स्वीकारला आहे त्यांना जगात आपण एकटे नाही हे कळणे धीर देणारे असते, आणि म्हणून हा अभिमान मला गैर वाटत नाही. परंतु त्या देशांत धम्म आणि तळचा माणूस यांचे नाते कसे राहिले, हेही आपणच विचारले पाहिजे; कारण हा प्रश्न आपल्याइतक्या तळमळीने दुसरा कोण विचारणार? याच दृष्टीने आज जपानमधील नारा या नगराची हकीकत आपणांपुढे ठेवीत आहे.

नारा हे त्याच नावाच्या प्रांताचे मुख्य ठिकाण होय. ओसाकाच्या पूर्वेस आणि क्योतोच्या दक्षिणेस, डोंगरांनी वेढलेल्या एका सखल खोऱ्याच्या उत्तर टोकास ते वसले आहे. वस्ती सुमारे साडेतीन लाख. आजच्या जपानच्या मानाने हे मोठे शहर नव्हे. पुष्कळसे नोकरदार रोज आगगाडीने ओसाकास जातात. चित्रलिपी लिहिण्याची काळी शाई आणि कुंचले यांसाठी ते नाव राखून आहे. मध्यंतरी तर ते प्रांताचे मुख्य ठिकाणही उरले नव्हते. १८७६ साली हा प्रांत मोडून शेजारच्या प्रांतात घातला गेला, आणि स्थानिक लोकांनी चिकाटीने मागणी केल्यावर १८८७ साली तो पुन्हा निर्माण झाला.

पण एके काळी हीच साऱ्या जपानची राजधानी होती. इ. स. ७१० मध्ये सम्राज्ञी गेन्मेइ हिने येथे राजधानी आणली. चीनच्या छांगआन नगराचा नमुना पुढे ठेवून चौकटीचौकटींचे रस्ते आखण्यात आले. ७८४ साली राजधानी हलली आणि प्रासादाच्या भूमीवर भातशेती सुरू झाली. हजार वर्षे तेथे शेतकरी नांगर धरीत राहिले. ती भूमी राखावी म्हणून या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी ज्याने आपले आयुष्य वेचले, तो तानादा काजुरो हा कोणी पंडित नव्हता, सरदार नव्हता. तो झाडे लावणारा माळी होता. आज तेथे जुन्या प्रासादाचे महाद्वार आणि सभागृह नव्याने उभारलेले आहे, आणि त्याच मैदानातून आगगाडीचा रूळ जातो.

आता महाबुद्धाकडे येऊ. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने जपानमध्ये अगणित माणसे मेली. सम्राट शोमु याचे मन त्याने हादरले. ७४१ साली त्याने प्रत्येक प्रांतात एक भिक्षुविहार आणि एक भिक्षुणीविहार बांधण्याची आज्ञा दिली, आणि ७४३ साली प्रचंड बुद्धमूर्ती ओतण्याचा संकल्प जाहीर केला. त्या आज्ञापत्रात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन आला तरी त्याचा वाटा स्वीकारावा, आणि अधिकाऱ्यांनी या निमित्ताने प्रजेवर जुलूम करू नये, असे त्यात सांगितले होते. मूर्ती नारा येथील तोदाइजी विहारात ओतली गेली. ('जी' हे आपले आदराचे 'जी' नव्हे, जपानी भाषेत त्याचा अर्थ विहार.) तिची उंची सुमारे १५ मीटर आहे आणि तिला अदमासे ५०० टन तांबे लागले. ही मूर्ती आपल्या परिचयाच्या शाक्यमुनी गौतमाची नसून महायान ग्रंथांतील वैरोचन बुद्धाची आहे, हेही सांगितले पाहिजे.

आज्ञापत्रातील शब्द आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर पडलेच. ७५७ साली राज्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पकडलेल्या एका सरदाराने, तोदाइजीच्या बांधकामाने प्रजा गांजली आहे असे चौकशीत बोलून दाखविले. तो स्वतः काही गरिबांचा कैवारी नव्हता. पण हे कारण सांगता येत होते, यातच पुष्कळ आले.

या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भिक्षू ग्योकी. कोरियातून येऊन स्थायिक झालेल्या कुळात त्याचा जन्म ६६८ साली झाला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे भिक्षूने विहारात राहून राज्याच्या कल्याणासाठी सूत्रपठण करावे, लोकांत जाऊन उपदेश करू नये, असा निर्बंध होता. ग्योकी लोकांत गेला. त्याने तळी खोदली, पूल बांधले, वाटसरूंसाठी आसरे उभारले. हजारो सामान्य माणसे त्याच्यामागे चालू लागली. ७१७ साली दरबाराने आज्ञापत्र काढून त्याचा निषेध केला. मात्र महाबुद्धासाठी मजूर आणि दान यांची गरज पडली तेव्हा त्याच दरबाराला त्याच्याकडे यावे लागले, आणि ७४५ साली त्याला भिक्षुसंघातील सर्वोच्च पद देण्यात आले. मूर्ती पुरी होण्यापूर्वी, ७४९ साली तो वारला. आज नारा येथील आगगाडीच्या एका मुख्य स्थानकासमोर त्याचा पुतळा उभा आहे. सम्राटाला ही जागा मिळालेली नाही.

७५२ साली मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले. हातात कुंचला घेऊन मूर्तीचे डोळे रेखणारा भिक्षू भारतीय होता. त्याचे नाव बोधिसेन. तो चीनमार्गे ७३६ साली जपानला पोहोचला आणि नाराच्या दाइआनजी विहारात राहिला. कुंचल्याला लांब दोरी बांधली होती; ती हाती धरून जमलेल्यांनी त्या कृतीत भाग घेतला. तो कुंचला आणि ती दोरी तोदाइजीच्या शोसोइन या भांडारात अजून जतन केलेली आहेत. जपानी लोक बोधिसेनाला 'ब्राह्मण आचार्य' म्हणत. जात सोडून, देश सोडून, समुद्र ओलांडून गेला, तरी ती बिरुदावली त्याला चिकटली ती चिकटलीच!

तोदाइजीचे सभागृह ११८० साली आणि पुन्हा १५६७ साली युद्धात जळाले. दुसऱ्या वेळी मूर्ती दीर्घकाळ उघड्यावर राहिली. कोकेइ नावाच्या भिक्षूने १६८४ पासून गावोगाव फिरून अर्धा अर्धा पैसा गोळा केला. १७०९ साली नवे सभागृह पुरे झाले, तेव्हा तो हयात नव्हता. ते मूळच्यापेक्षा रुंदीला सुमारे एक तृतीयांश कमी आहे.

आता नगराच्या उत्तर सीमेकडे चला. क्योतोच्या वाटेवर नारा-झाका नावाचा चढ आहे. मध्ययुगात तेथे 'हिनिन' म्हणजे 'माणूस नव्हे' असे ज्यांना म्हणत, त्यांची वस्ती होती आणि तिच्यावर कोफुकुजी या बलाढ्य विहाराची सत्ता चाले. जवळच १८ खोल्यांचे एक लांबट घर आहे. तेराव्या शतकात निन्शो या भिक्षूने कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान काढले, त्याची ही सतराव्या शतकात पुन्हा बांधलेली इमारत. चालता न येणाऱ्या एका रोग्याला निन्शो सकाळी पाठीवर घेऊन बाजारात भिक्षेसाठी पोहोचवी आणि सायंकाळी परत आणी, असे त्याच्याविषयी सांगतात. अशी करुणा दुर्मिळच. परंतु त्याच काळी, कुष्ठ हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ होय, असे विहारांतूनच शिकविले जात होते. पाठीवर घेणारा हात आणि पाप तुझेच म्हणणारी वाणी, दोन्ही एकाच परंपरेची.

नाराच्या उद्यानात हजाराहून अधिक हरणे मोकळी हिंडतात. कासुगा या शिंतो देवस्थानाचे ते दूत मानले जातात, आणि पूर्वी हरीण मारणाऱ्याला देहदंड होई. त्याच देशात मेलेले जनावर ओढणे, कातडे कमावणे, प्रेते उचलणे ही कामे ज्यांच्या माथी मारली ते 'एता' म्हणजे 'महामलिन' ठरले. पशू पवित्र आणि माणूस अपवित्र, हे गणित तुम्हांस नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

१८७१ साली जपान सरकारने फर्मान काढून ही नावे रद्द केली. नावे गेली, वस्ती, विवाह आणि नोकरी यांतील बहिष्कार राहिला. या लोकांचे विहारही वेगळे ठेवलेले होते, आणि मृत्यूनंतर भिक्षू जे धर्मनाम देतात त्यातही हीनतेची अक्षरे घालून ती थडग्यावर कोरली जात. मेल्यावरही जात सुटू नये अशी ही व्यवस्था, आणि ती करणारे बौद्ध भिक्षू! १९७९ साली अमेरिकेतील एका जागतिक धर्मपरिषदेत एका जपानी बौद्ध पंथाच्या प्रमुखाने असा भेद आमच्या देशात नाहीच असे सांगितले. त्यावर खळबळ उडाली, आणि मगच अनेक पंथांनी आपल्या नोंदी आणि थडगी तपासावयास घेतली.

या अन्यायाविरुद्ध संघटित आवाज उठला तो याच नारा प्रांतातून. नगराच्या दक्षिणेस, आजच्या गोसे शहरात, काशिवाबारा नावाची वस्ती आहे. तेथील साइकोजी विहाराच्या पुरोहिताचा मुलगा साइको मान्किची आणि त्याचे सोबती यांनी पुढाकार घेतला, आणि ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा' स्थापन झाली. 'सुइहेइ' म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागासारखे सपाट, सारख्या पातळीचे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह यानंतर पाच वर्षांनी झाला. साइकोने लिहिलेल्या जाहीरनाम्याचा रोख असा की, दया करणाऱ्यांनी आम्हांला आजवर अधिकच खाली नेले. आम्हांला माणसाचा आदर हवा. त्यांनी होन्गानजी या आपल्याच पंथाच्या दोन्ही मुख्य विहारांना, या चळवळीविषयी तुमचे मत काय, असा सवाल केला आणि पुढची २० वर्षे त्यांना देणगी द्यावयाची नाही असे त्याच वर्षी जाहीर केले. धर्म त्यांनी सोडला नाही. पैसा रोखला.

पुढल्याच वर्षी कोरियातील खाटीक समाजाने अशीच संघटना उभारली आणि दोघांत बंधुभाव जुळला. त्या संबंधांची कागदपत्रे २०१६ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिनोंदीत दाखल झाली. त्याच वर्षी जपानच्या संसदेने हा भेद नाहीसा करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे फर्मानानंतर १४५ वर्षांनी.

नाराच्या प्राचीन विहारांची जागतिक वारशात नोंद १९९८ साली झाली. त्याच वर्षी काशिवाबारा येथे, साइकोजीच्या जवळ, सुइहेइशाच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. महाबुद्धाच्या दर्शनास लाखो प्रवासी येतात. तुमच्यापैकी कोणी कधी त्या देशी गेलाच, तर दक्षिणेकडे जाणारी आगगाडी त्याच नगरातून मिळते.