पुराच्या आधी पोचलेली मदत



पूर येतो. घरं बुडतात.
मग मदतीचे ट्रक निघतात.
वर्षानुवर्षं हाच क्रम.

पण मदत पुराच्या आधीच पोचली तर?

बांगलादेशात तसं घडलं.
साल 2020, महिना जुलै.
ब्रह्मपुत्रेला तिथे जमुना म्हणतात.
तिच्या पात्रात वाळूची बेटं आहेत.
त्यांना म्हणतात, चर.
या चरांवर माणसं राहतात, गुरं पाळतात.

मोठ्या पुराचा अंदाज आला.
असा अंदाज आला की पैसे सोडायचे, हे आधीच ठरलं होतं.
संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पैसे लगेच सुटले.
जागतिक अन्न कार्यक्रमाने ते थेट लोकांच्या मोबाइलवर पाठवले.
दर कुटुंबाला 4,500 टका.
पाणी पुरतं चढायच्या आधी.

एवढ्या पैशांत काय होतं?
तांदूळ भरून ठेवता येतो.
होडीचं भाडं देता येतं.
आणि गाय मातीमोल भावाने विकावी लागत नाही.
मला ही गाय फार मोलाची वाटते.
ती वाचली, तर पूर ओसरल्यावर घरात दूध असतं.
गुरांसाठी खाद्यही वाटलं गेलं.
बियाणं कोरडं राहावं म्हणून झाकणाची पिंपं दिली गेली.

श्रोतेहो, 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीत मोठी कपात केली.
हाती पैसा कमी आहे.
म्हणूनच तो वेळेवर पोचायला हवा.
पुराच्या आधी.

आणि त्यासाठी शेजारी हवा.
ब्रह्मपुत्रा आसामातून बांगलादेशात उतरते.
भारत पाण्याची पातळी कळवतो.
खालच्या चरांवर तेव्हा आवराआवर सुरू होते.